नियम तुमचा, गळा माझा

"माझ्या आजोबांनी तुझ्या हातचं पाणी घेतलं नसतं. मी पैसे देतोय. घे मुकाट्यानं."

बेटिंग शॉपच्या, म्हणजे घोड्यांवर पैसे लावायच्या दुकानाच्या, काउंटरवर काच असते. काचेखाली पैसे आणि स्लिपा सरकवायला एक फट असते. आमच्या एका गिऱ्हाइकानं, एका डॉक्टरनं, त्या फटीशी तोंड आणून हे म्हटलं. हळू आवाजात. मराठीत. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस गंमत करतोय.

शनिवारची दुपार होती. दुकान गच्च. टीव्हीवर घोडे पळत होते. सिगारेटच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. माणसं स्क्रीनकडे तोंड करून ओरडत होती. एवढ्या माणसांत मराठी समजणारी दोनच. तो आणि मी.

मी त्याला एवढंच म्हणाले होते, "सॉरी सर, तुमची बेट मला घेता येणार नाही." इंग्रजीत. कंपनीनं शिकवलं होतं तसं, शब्दाला शब्द.

त्यावर त्यानं हे ऐकवलं.

माझा हात काउंटरवर होता, तिथंच राहिला. कानशिलं तापली. चाळिशी आलेली बाई मी. लंडनमध्ये येऊन इतकी वर्षं झालेली. घरी कॉलेजला जायच्या वयाची मुलगी. आणि एका वाक्यानं त्यानं मला माझ्या आजीच्या जागी नेऊन उभं केलं. जे मी स्वतः भोगलं नव्हतं, तिच्या तोंडून फक्त ऐकलं होतं, ते त्या काउंटरवर माझ्या अंगावर आलं.

शेजारच्या खिडकीवर मॉरीन होती. आमची मॅनेजर. आयरिश बाई, मनानं बरी. तिनं विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

"काही नाही," मी म्हणाले. "रेसबद्दल विचारतोय."

त्यानं मला घाण दिली आणि मी त्या घाणीवर पांघरूण घातलं.

हे का झालं ते सांगायचं तर मागं जायला हवं.

मी मुंबईची. गिरणीकामगाराची मुलगी. आमचं घर बौद्ध. लग्न होऊन इकडे आले तेव्हा नवरा एका फॅक्टरीत होता, प्लास्टिकचे डबे बनवायच्या. पाच-सहा वर्षांत त्याच्या पाठीचा मणका सरकला. ऑपरेशन झालं, पण वजन उचलणं कायमचं बंद. फॅक्टरीनं हात वर केले. मग मी काम शोधायला निघाले. हाय स्ट्रीटवरच्या बेटिंग शॉपच्या दारावर पाटी दिसली, कॅशियर पाहिजे. आकडेमोड चांगली होती. लागले.

मी लागले तेव्हा, म्हणजे पंच्याऐंशीच्या सुमारास, दुकानाच्या काचा आतून बंद केलेल्या असत. रस्त्यावरून आतलं दिसता कामा नये. आत खुर्ची नाही, चहा नाही, टीव्ही नाही. स्पीकरवरून शर्यतीचं वर्णन तेवढं ऐकू यायचं. कायदाच तसा होता. खेळणाऱ्याला आराम वाटू नये, तो रेंगाळू नये म्हणून. मॉरीन म्हणायची, "सरकार म्हणतं खेळा, पण उभ्यानं खेळा."

मग कायदा ढिला झाला. खुर्च्या आल्या, टीव्ही आले, चहा-कॉफी आली. चहा कोण देणार? मी. कप कोण धुणार? मी. पुढं काही वर्षांनी संध्याकाळी दुकान उघडं ठेवायची परवानगी आली. मग रविवारची. मग मशिनं आली, दिवे लुकलुकणारी, दिवसभर किणकिणणारी. माझ्या झोपेत ती किणकिण वाजायची. कायदा गिऱ्हाइकाला जेवढा मोकळा करायचा तेवढा आम्हाला आवळायचा.

रविवार गेला त्याचं मला फार लागलं. रविवारी आमची माणसं एका हॉलमध्ये जमायची. वंदना, मग कुणाचं तरी भाषण, मग सगळ्यांचं मिळून जेवण. आठवडाभर 'लव्ह' आणि 'डार्लिंग' ऐकून विटलेल्या कानांना तिथं कुणीतरी 'ताई' म्हणायचं. रविवारची ड्यूटी लागली तसं जाणं सुटलं. आणि खरं सांगायचं तर लाजही होती. तिथल्या एका दादांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "ताई, आपण सम्यक आजीविका म्हणतो, कुणाचं वाईट न करता पोट भरायचं. तुमचं काम त्यात बसतं का?"

मी म्हणाले, "दादा, दुसरं काम द्या. उद्या सोडते."

दादांनी विषय बदलला. पण प्रश्न माझ्यापाशीच राहिला. काउंटरवर मी रोज माणसं उतरणीला लागलेली बघायची. पेन्शन घेऊन थेट आमच्याकडे येणारे म्हातारे. बाबागाडी बाहेर ठेवून 'एकच मिनिट' म्हणत आत शिरणारी बाई. मी स्लिपा घ्यायची. घरी भाकरी न्यायची. ना धड आत, ना धड बाहेर.

मग आला तो नियम.

कॉलिन नावाचा आमचा एरिया मॅनेजर होता. तरणा, कडक कॉलरचा. त्यानं आम्हाला मागच्या खोलीत, सिंकजवळ उभं करून सांगितलं की आता आपली कंपनी जबाबदार कंपनी आहे. रिस्पॉन्सिबल. एखादं गिऱ्हाईक स्वतः येऊन म्हणालं, मला थांबवा, तर सहा महिने त्याची बेट घ्यायची नाही. तो काहीही म्हणो. कॅशियरनं नाही म्हणायचं.

ऐकून मला बरं वाटलं होतं. मनात आलं, चला, निदान एखाद्याला तरी वाचवता येईल.

मॉरीननं विचारलं, "चुकून घेतली गेली तर?"

"तर कॅशियर जबाबदार."

"आणि नाही म्हटल्यावर तो अंगावर आला तर?"

कॉलिन हसला. "तुम्ही मुली हाताळाल." मग बॅग उचलता उचलता म्हणाला, "आणि हो, दुकानाचा धंदा खाली येता कामा नये."

दाराशी ना गार्ड, ना काही. बंदी घातलेल्या पहिल्याच माणसाला मी नाही म्हणाले, तर तो काचेवर थुंकला. माझ्या तोंडासमोरच. मी फडका आणून पुसलं आणि पुढच्याची स्लिप घेतली. दुसरा एक जण मॉरीनच्या मागं बसस्टॉपपर्यंत शिव्या देत गेला. हेच ते हाताळणं.

आता डॉक्टर. स्टॅनमोरसारख्या पैसेवाल्या भागात मोठं घर, स्वतःची प्रॅक्टिस, महाराष्ट्रातल्या मोठ्या घराण्यातला. आमचं दुकान त्याच्या भागापासून लांब. म्हणूनच तो आमच्याकडे यायचा, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. मी एकदा फोनवर मुलीशी बोलत होते ते त्यानं ऐकलं.

"अरे वा! मराठी! कुठच्या तुम्ही?"

"मुंबईची."

"मुंबईत कुठं?"

सांगितलं.

"आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा."

त्या 'अच्छा'नंतर मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. मॉरीनला तो 'प्लीज' म्हणायचा. तिच्या खिडकीवर फटीतून हात आत घालून नोटा तिच्या तळहातावर ठेवायचा. माझ्या खिडकीवर नोटा सरकवायचा आणि बोटं झटकन मागं घ्यायचा. मी स्वतःला समजवायची, तुझा संशय आहे बाई. मधे काच असल्यावर काय सिद्ध करणार? त्यातून लंडनमध्ये. त्यातून डॉक्टर माणूस.

एका सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या, तो बायकोला घेऊन आला. दाढी वाढलेली. डोळे आत गेलेले. माझ्याकडे आणि मॉरीनकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, "माझी बेट घेऊ नका. मी विनवण्या केल्या तरी. मी ओरडलो तरी." त्या दिवशी मला त्याची दया आली. खोटं कशाला बोलू.

बायको उंबऱ्याशीच थांबली होती. आत यायला तिला कसंतरी वाटत असावं. तिनं मला खुणेनं बोलावलं.

"अहो, तुम्ही मराठी ना? ह्यांनीच सांगितलं." तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात थंडगार होते. "तुम्ही लक्ष ठेवा हो. बाकीच्यांना काय पडलंय? घर जायची वेळ आलीय आमच्यावर. तुम्ही आपल्या आहात."

आपल्या. त्या शब्दानं मी विरघळले. इतक्या वर्षांत तसल्या मोठ्या घरातल्या कुठल्या बाईनं मला 'आपली' म्हटलं नव्हतं.

"वहिनी, मी त्यांची बेट घेणार नाही," मी म्हणाले. "माझा शब्द."

दीडेक महिना तो आला नाही. मग तो शनिवार उजाडला. मी शब्द पाळला आणि ते वाक्य ऐकलं.

त्यानंतर काय झालं तेही ऐका. डॉक्टर हलेना. मॉरीन मागच्या खोलीत जाऊन कॉलिनला फोन करून आली. येताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"कॉलिन म्हणतो, चांगलं गिऱ्हाईक आहे. आपापल्या समजुतीनं घ्या. डिस्क्रिशन." मग खालच्या आवाजात, "त्याला माझ्या खिडकीवर पाठव, लव्ह."

मॉरीननं बेट घेतली. डॉक्टर घोड्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

पुढं तो दर शनिवारी येऊ लागला. कधी मुद्दाम माझ्या रांगेत उभा राहायचा. मी नाही म्हणायची. तो हसायचा आणि मॉरीनकडे जायचा. माझं 'नाही' हा त्याचा खेळ झाला. मी घरी काही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगून काय? त्याची पाठ गेलेली, माझ्या पगारावर घर चाललेलं. सोडता येत नव्हतं. सोसवत नव्हतं.

शेवटी वहिनींना कळलं. त्यांनी कंपनीच्या ऑफिसला फोन केला. बरोबरच होतं त्यांचं. पण त्या काय म्हणाल्या? "मी तिथल्या त्या मराठी बाईला स्वतः सांगून आले होते. तरी बेटा घेतल्या." मॉरीन त्यांना आठवली नाही. मी आठवले. आणि डॉक्टरची तक्रार त्याआधीच गेलेली होती. ती बाई माझ्याशी उर्मट वागते, वैयक्तिक आकस धरून मला नाकारते.

कॉलिनचा निरोप आला. सोमवारी कंपनीच्या मुख्य ऑफिसात, लंडनबाहेर ब्रॅकनेलला, हजर व्हा.

आदल्या दिवशी, रविवारी, मी सुट्टी मागून घेतली आणि स्टॅनमोरला गेले. बसमधून उतरून चढ चढले. खडी पसरलेला रस्ता, दाराशी दोन गाड्या. वहिनींनी दार उघडलं. "अहो, तुम्ही?" त्यांनी मागं वळून बघितलं, दार लोटून घेतलं आणि स्वतःच पायरीवर आल्या.

"वहिनी, एवढंच सांगा कंपनीला. मी त्यांना नाही म्हणाले होते."

"मला ठाऊक आहे हो. हे चिडून घरी बोलले होते, ती बाई घेत नाही म्हणून."

"मग सांगा ना."

"पण मग सगळंच निघेल. ह्यांची प्रॅक्टिस आहे. चार लोकांत ऊठबस आहे आमची." त्या खरंच रडवेल्या झाल्या होत्या. "तुमचं काय हो, तुम्हाला दुसरी नोकरी मिळेल. आमचं नाव एकदा गेलं की गेलं."

आतून त्याचा आवाज आला. "कोण आहे गं?"

"कुणी नाही," वहिनी म्हणाल्या. आणि दार लागलं. आवाज न करता.

मी त्या उतारावरून कशी खाली आले, मला सांगता येणार नाही.

घरी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. मुलगी, मित्रा, टेबलावर अभ्यास करत होती. इथंच जन्मलेली. मराठी बोलते, पण मोडकंतोडकं.

"आई, तू रडते?"

मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ते वाक्यसुद्धा.

तिनं पेन खाली ठेवलं. "पाणी का नाही घ्यायचा? तुझा हात dirty होता?"

माझा हात कणकेतच थांबला. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. वंदना शिकवली, जयभीम म्हणायला शिकवलं, पण आपल्याला काय म्हणायचे, कुठून पाणी पिऊ द्यायचे नाहीत, हे नाही. वाटायचं, इथं जन्मलेल्या पोरीच्या कानात ते विष कशाला घाला. ते आपोआप मरेल. आता कणकेचे हात तसेच ठेवून मी तिला सांगितलं. विहीर, आजी, आडनाव, अच्छा.

मित्रानं वही मिटली. म्हणाली, "शाळेत ती मुलं मला पाकी बोलली, तेव्हा तू हेडटीचरकडे गेली. एवढा भांडली. मग हा माणूस बोलला, तर तू 'काही नाही' का बोलली?"

मी कणीक पुन्हा मळायला घेतली.

बाहेरच्या खोलीतून नवरा म्हणाला, "उद्या कसल्या माफीनाम्यावर सही करायला सांगितली तर करून टाक. नोकरी गेली तर खायचं काय?"

"पप्पा, प्लीज!" मित्रा ओरडली.

नवरा काठी टेकत दारात आला. तो वाईट माणूस नाही. थकलेला आहे. "मी तिला अडवत नाही," तो म्हणाला. "मी फक्त जे आहे ते सांगतोय." तोही खरंच बोलत होता. माझ्या एका बाजूला पोरगी, दुसऱ्या बाजूला तो, आणि दोघंही बरोबर. माझ्या बाजूला मात्र कुणी उभं नव्हतं.

ब्रॅकनेलला ट्रेनमधून गेले. काचेच्या इमारती, एकासारखी एक. आत गालिचा इतका जाड की पावलांचा आवाज नाही. एका टेबलाशी कॉलिन आणि पर्सोनेलची, म्हणजे कर्मचारी खात्याची, एक बाई, हेलन. गोड आवाजाची. तिनं मला स्वतः चहा ओतून दिला.

मग तिनं सांगितलं, माझ्यावर दोन आरोप आहेत. एक, बंदी घातलेल्या गिऱ्हाइकाची बेट घेतली गेली, त्या वेळी काउंटरवर मी होते आणि त्याच्या घरच्यांनी ती जबाबदारी माझ्यावर सोपवली होती. दोन, त्याच गिऱ्हाइकाला मी उर्मटपणे बेट नाकारली.

"दोन्ही खरं कसं असेल?" मी विचारलं.

कॉलिन खिडकीबाहेर बघू लागला. हेलन म्हणाली, "आपण हे मिटवून टाकू. डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस, दोघांची माफी मागा. एक वॉर्निंग लागेल. नोकरी राहील." मग पुढं झुकून, अगदी समजूतदारपणे, "हे तुमच्या तुमच्यातलं काहीतरी आहे ना? कल्चरल?"

तुमच्या तुमच्यातलं.

त्या शब्दांनी माझं डोकं एकदम थंड झालं. मी ते वाक्य आधी मराठीत म्हटलं. मोठ्यानं. त्या खोलीत मराठी पहिल्यांदाच ऐकू आली असेल. मग इंग्रजीत सांगितलं. मग त्याचा अर्थ सांगितला. माझ्या आजीला पाण्यासाठी किती वेळ उभं राहावं लागायचं, ते सांगितलं.

हेलनचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, "मला वाईट वाटतं. खरंच. पण त्याचा बेटिंगशी काय संबंध?"

"संबंध आहे," मी म्हणाले. "नियम तुम्ही केला. नाही म्हणायला काचेमागं मला बसवलं. मी नाही म्हणाले. तेव्हा तुम्ही फोनवरून त्याला हो म्हणालात. आता त्याच्यावर घर गमवायची वेळ आलीय, तर दोष माझा. आणि त्याचा अहंकार दुखावला, तर तोही दोष माझा."

"फोनवर असं काही बोलणं झालं नव्हतं," कॉलिन म्हणाला.

"मॉरीनला विचारा."

"विचारलंय. तिला आठवत नाही."

मॉरीनची पेन्शन जवळ आली होती. मी तिला शिव्या देत नाही. पण त्या खोलीत तिच्या नसलेल्या आठवणीचा मला जो धक्का बसला, तो डॉक्टरच्या वाक्यापेक्षा कमी नव्हता.

हेलननं माफीचा कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मला घर दिसलं. नवऱ्याची काठी दिसली. पोरीच्या कॉलेजचा खर्च दिसला. सही केली असती तर सगळं होतं तसं चाललं असतं. हेच सगळ्यात भयंकर होतं. सगळं होतं तसंच चाललं असतं.

मी पेन उचललं आणि कॉलिनसमोर ठेवलं.

"तुम्ही करा सही," मी म्हणाले. "बेट तुम्ही घेतली."

चहाचा कप तसाच भरलेला ठेवून मी बाहेर पडले. शूर बिर काही वाटत नव्हतं. घाबरले होते. पण घाबरून परत फिरावंसं वाटलं नाही. एवढाच काय तो फरक.

आठवड्याभरात नोकरी गेली.

लॉ सेंटरमध्ये, म्हणजे कायद्याचा सल्ला फुकट मिळतो तिथं, एक तरुण वकील भेटला. मन लावून ऐकलं त्यानं सगळं. मग हातातली पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "वंशभेद म्हणून लढता आलं असतं. पण तो आणि तुम्ही एकाच देशातले, एकच भाषा बोलणारे. जात हा शब्द इथल्या कायद्यात नाही."

म्हणजे माझ्या पोरीला 'पाकी' म्हटलं, तर त्याला कायदा आहे. मला जे म्हटलं गेलं, ते कायद्याच्या लेखी घडलेलंच नाही. नोकरीवरून काढल्याची केस तेवढी ट्रायब्युनलपुढं, नोकरीच्या तंट्यांच्या कोर्टापुढं, गेली. कंपनीनं सांगितलं, बाईनं वाजवी सूचना पाळली नाही. ट्रायब्युनलला ते पटलं. मी हरले. कंपनीचा नियम आणखी छान छापून दुकानादुकानांत लागला म्हणे. डॉक्टर दुसऱ्या एका दुकानात जातो, असंही ऐकलं. तिथल्या काचेमागं कोण मुलगी बसते, मला माहीत नाही. तिला त्यानं काय ऐकवलं, तेही माहीत नाही.

मी आता एका शाळेत मुलांना जेवण वाढते. पगार कमी आहे. नवरा घरीच छोटी शिवणकामं घेतो. ओढाताण आहे. हे कुणी गोड करून सांगू नये.

रविवारी पुन्हा हॉलमध्ये जायला लागले. पहिल्याच रविवारी मी बोलायला उभी राहिले. जयभीम म्हणाले आणि झालं ते सगळं सांगितलं. बेटिंग शॉपमध्ये काम करत होते हेही, मान खाली न घालता. त्या दादांनी काही विचारलं नाही. एडिनबराहून आलेली एक नर्स मागं थांबली. म्हणाली, "ताई, आमच्या वॉर्डातली एक सिस्टर, आपल्याकडचीच, माझ्या डब्याशेजारी तिचा डबा ठेवत नाही. मी आजवर कुणाला बोलले नव्हते." मग आणखी एक जण बोलला. मग आणखी एक.

ब्रॅकनेलनंतर मी आणखी एक काम धरलं. बेटिंग शॉपमधल्या बायकांना भेटायचं. त्यात गोऱ्या आहेत, जमैकन आहेत, गुजराती आहेत. कुणाच्या अंगावर कॉफी फेकलेली, कुणाला पार्किंगमध्ये गाठलेलं. सगळ्यांना नियम तोच. नाही म्हणा, आणि धंदा खाली येऊ देऊ नका. आम्ही एवढंच मागतो. नाही आम्ही म्हणायचं असेल, तर त्या 'नाही'मागं तुम्ही उभे राहा. लेखी. फोनवर नाही.

आमचा खासदार शुक्रवारी लोकांना भेटतो. लायब्ररीच्या वरच्या खोलीत. रांग असते. घरांच्या तक्रारी, व्हिसाच्या तक्रारी. मी दोनच गोष्टी घेऊन जाते. काउंटरमागच्या बायकांचं रक्षण, आणि जात हा शब्द कायद्यात. तो मान हलवतो. म्हणतो, हा फार गुंतागुंतीचा प्रश्न आहे. म्हणतो, बघू. मी म्हणते, बघा, मी येतेच आहे.

त्याची सेक्रेटरी आता मला ओळखते. मागच्या शुक्रवारी नावं घेताना तिनं चष्म्यावरून बघितलं आणि उसासा टाकला.

"पुन्हा तुम्ही?"

"हो," मी म्हणाले. "नाव नीट लिहून घ्या. आडनावासकट. मी पुढच्या शुक्रवारीही येणार आहे."